सोळावी काच

“मनोहर, एकूण सोळा काचा आहेत. सोळाच्या सोळा मला शाबूत हव्यात हं.”

फोन स्पीकरवर होता. माझा नवरा मॅडमच्या बंगल्याबाहेर शिडीच्या चौथ्या पायरीवर, खाकी चिकटपट्टीचं टोक दातात धरून उभा. त्यानं मान हलवली. मॅडम मुंबईत. त्यांना मान कुठून दिसणार? मीच खालून ओरडले, “हो म्हणतायत ते.”

“कोण, शालू का? बरं झालं, तू आहेस. त्याला मदत कर. आणि गच्चीवरची सोलर पॅनल दोरानं आवळून घ्यायला सांग. नवीन आहेत ती.”

फोन बंद झाला. मी मदतीला गेलेच नव्हते. नवऱ्याला घरी न्यायला गेले होते.

पंचायतीची रिक्षा सकाळपासून भोंगा लावून फिरत होती. उद्या दुपारी वादळ किनाऱ्याला लागणार, पत्र्याच्या घरातल्यांनी शाळेत जावं, घरं बांधून घ्यावीत. समुद्र अजून शहाण्यासारखा शांत होता. वारा तर नव्हताच. घामानं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

“खालच्या घरापास्नं सावड सुरू झालीय,” मी म्हटलं. “सोनूबाबा, त्यांचे दोघं, भिकूचे तिघं, सगळे हायेत. चार घरं झाली बांधून. तुम्ही चला.”

“बारा काचा झाल्या. चार ऱ्हायल्या.”

“आपल्या घराचं काय?”

“आपलं घर इतकी सालं उभं हाय.”

आमच्या वाडीत बावीस घरं. पावसाळ्याआधी, नाहीतर वादळाची हाक आली की, सगळे पुरुष मिळून एकेक घराचं छप्पर दोरानं आवळत जातात. तुझ्या घराला माझा हात, माझ्या घराला तुझा. त्यालाच आम्ही सावड म्हणतो. नियम एकच. ज्याचा हात सावडीत लागला नाही, त्याच्या घराला सावड लागत नाही. शहरातल्या लोकांना हे ऐकून गहिवरून येतं. मला येत नाही. का ते पुढे कळेल.

नवरा खाली उतरला, प्लायवूडचा तुकडा उचलून काचेवर धरला, खिळे ठोकले. आधी उभी-आडवी पट्टी, वरून प्लायवूड. त्याचं काम बघण्यासारखं होतं हे शत्रूलाही कबूल करावं लागेल. पट्टी लावताना अंगठ्याच्या नखानं दाबत न्यायचा, मध्ये हवेचा एक फुगा राहू द्यायचा नाही. राहिलाच तर पट्टी उचकटून पुन्हा लावायचा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन वर्षं फडताळाच्या मोडक्या दारानं झाकलेली होती, ते वेगळं.

बारा वर्षं तो त्या बंगल्याचा राखणदार होता. फाटकाची चावी त्याच्याकडे, मोटारीच्या शेडची त्याच्याकडे, पंपाच्या खोलीची त्याच्याकडे. घराची नव्हती. घराची चावी मॅडम पर्समध्ये घालून मुंबईला न्यायच्या. “तुझ्यावर विश्वास नाही असं नाही हं मनोहर,” असं दर वेळी म्हणायच्या. म्हणून तर सगळ्या पट्ट्या बाहेरून लावायच्या होत्या.

“दोर कुठाय आपला?” मी विचारलं.

त्यानं हातोडीनं वर खूण केली. मी बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेले. आमचा दोर तिथे होता. बंदरावरच्या होडीवाल्यांकडून घेतलेला जाड नायलॉनचा दोर, चाळीस वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे चाळीस. त्यातला अर्धा कापून सोलरच्या पॅनलांना आणि पाण्याच्या टाकीला गुंडाळला होता. काय सुरेख गाठी मारल्या होत्या!

“हा आपल्या छपराचा दोर हाय,” मी वरूनच ओरडले.

“वादळ गेलं की सोडून आणीन.”

“वादळ गेल्यावर काय करू त्याचा? फास लावून घेऊ?”

त्यानं हातोडी खाली ठेवली. वर बघून हळू आवाजात म्हणाला, “शालू, ही नोकरी गेली तर आयेचं औषध कुठनं आणायचं, सांग तू मला.”

आये म्हणजे माझी सासू. दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं होतं. तोंड वाकडं, बोलणं दोन शब्दांचं. बाकी डोकं शाबूत.

मी उरलेला वीस वाव दोर खांद्यावर टाकला आणि निघाले.

वाडीत सोनूबाबा भिकूच्या छपरावर बसलेला. सत्तरीचा म्हातारा, पण पत्र्यावर मांजरासारखा चालायचा. त्याचा शब्द म्हणजे वाडीचा शब्द. मी खाली उभी राहिले.

“बाबा, पुढचं आमचं घर घ्याल?”

“मनू कुठं हाय?”

“बंगल्यावर.”

“मग बंगलेवालीला सांग की. मुंबईस्नं येऊन बांधून देल तुझं घर.”

छपरावरचे, खालचे, सगळे हसले. मी थांबले हसणं संपेपर्यंत.

“ते नाहीत तर मी येते. माझा हात धरा.”

“बाईमाणसाचा हात सावडीत धरत नाय, बाय.”

“लावणीला धरता. शेण काढायला धरता. तुमच्या होडीतली मासळी उपसायला धरता. छपराला काय झालं? बाटतं?”

“तोंड लय चालतं तुझं,” सोनूबाबा म्हणाला. रागानं नाही. म्हातारा माझ्यावर कधी रागावला नाही, तेच तर दुखणं आहे. “एकाला सूट दिली तर उद्या कोण येल सावडीला? तू शाळंत जा म्हातारीला घेऊन.”

घरी आले. आयेची खाट दाराजवळ ओढली, म्हणजे तिला मी दिसेन आणि मला ती. घराच्या दोन्ही बाजूंना सासऱ्यांनी चार-चार चिरे पुरून ठेवले होते, लोखंडी कडी असलेले. एका कडीतून दोर छपरावरून पलीकडच्या कडीत. असे चार फेरे पडायचे. माझ्याकडे दोनाचाच दोर. पत्र्यावर चढायची हिंमत नव्हती. सिमेंटचा पत्रा, पाय चुकला की आत. मग दोराच्या टोकाला सोललेला नारळ बांधला आणि आढ्यावरून पलीकडे भिरकावला. तीनदा आपल्याच अंगावर परत आला. चौथ्यांदा गेला. आये खाटेवरून डाव्या हातानं टाळी वाजवल्यासारखी मांडीवर थापटी मारत होती.

पहिला फेरा बसला. दुसऱ्या फेऱ्याला पलीकडच्या चिऱ्यापाशी गेले तर दोर कमी. दीड हात कमी. ओढला, लोंबकळले, पायानं भिंतीला रेटा दिला. दीड हाताचा सव्वा झाला. त्या चिऱ्याच्या चार हात अलीकडे आमचा रायवळ आंबा होता, कवेत मावेल एवढ्या खोडाचा, पण उंच. मी दोर त्याच्या खोडाला एक वेढा देऊन बांधला. आंब्याहून घट्ट काय असणार?

संध्याकाळी सावड आमच्यावरून वरच्या घराकडे गेली. सोनूबाबा थांबला. छपराकडे बघितलं. मग आंब्याकडे. खोडापाशी जाऊन गाठीवर हात ठेवला, हलवून बघितली.

“गाठ बरी मारलीस,” म्हणाला आणि गेला.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं. चूल पेटवताना सुद्धा मी आयेला सांगत होते, सोनूबाबा म्हणाला गाठ बरी मारलीस.

सकाळी आयेला शाळेत न्यायला रिक्षा येणार होती. आली नाही. रिक्षावाल्यानं स्वतःचं बिऱ्हाड तालुक्याला हलवलं. शाळा दीड किलोमीटर, मध्ये ओढा, आमच्याकडे पऱ्या म्हणतात, आणि नऊ वाजल्यापासून पऱ्याला गुडघ्यावर पाणी. नवरा म्हणाला, “मी बंगल्यावर एक चक्कर टाकून येतो, मग पाठीवर घेतो आयेला.” दहाला गेला तो गेलाच. स्वयंपाकघराचं मागचं दार राहिलं होतं, त्याला प्लायवूड पुरलं नव्हतं, म्हणून नुसत्या पट्टीचा आणखी एक थर देत बसला होता. काचेचं सरकतं दार. ती सोळावी.

साडेअकराला समुद्राचा आवाज बदलला. लाटेचा आवाज येतो, जातो. हा यायचा फक्त. माड आडवे व्हायला लागले. मी आयेच्या खाटेखाली बसले, कारण तेवढी एकच जागा मला सुचली. पहिला फेरा कुरकुरत होता, पण धरून होता. आणि दुसरा, माझा, आंब्याचा, तो मात्र वाजायचा. ताणला की थाड, सैल झाला की पत्रा खडखड. थाड, खडखड. थाड, खडखड. मला कळेना, आंबा तर जागेवर आहे.

दाराच्या फटीतून बघितलं. आंबा जागेवर नव्हता. मुळं जागेवर होती. खोड वाऱ्याबरोबर झुकत होतं, परत येत होतं, आणि दर झुकण्याला माझा दोर माझंच छप्पर उचलत होता. वाऱ्याला जे जमत नव्हतं ते आंबा करत होता. मी बांधून दिलं होतं ना त्याच्या हातात!

कोयती घेऊन दाराबाहेर पडले. चार पावलं गेले असेन. आढं मोडल्याचा आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. हाड मोडल्यासारखा ओला आवाज. एका बाजूचे सगळे पत्रे पुस्तकाच्या पानासारखे उलटले आणि आंब्याच्या मागे गेले. आत आये.

मी आत शिरले तेव्हा तिच्या खाटेवर एक वासा आडवा पडला होता, तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर. ती उघड्या आभाळाकडे बघत होती. पाऊस तिच्या उघड्या तोंडात पडत होता आणि तिला तोंड मिटता येत नव्हतं.

तेवढ्यात नवरा पोहोचला. पत्रे गेल्याचं त्यानं बंगल्यावरून बघितलं होतं. आयेला पाठीवर घेतलं, मी मागून तिला धरलं, आणि शंभर पावलांवरच्या बंगल्याकडे निघालो. शंभर पावलांना किती वेळ लागला माहीत नाही. एक पत्रा आमच्या डोक्यावरून उडत गेला, तो आमचाच होता.

बंगल्याच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारासमोर, छोटी पडवी. वर स्लॅब, तीन बाजू उघड्या. मोटारीच्या शेडच्या दारावर माड आडवा पडला होता, पंपाच्या खोलीत पाणी भरलं होतं, म्हणून तिथेच आयेला टेकवलं. पाऊस आडवा येत होता, सगळा अंगावर. आये कुडकुडायची थांबली. लोकांना वाटतं थंडी वाजायची थांबली म्हणजे बरं. तिचे ओठ जांभळे पडले होते आणि डोळे अर्धे मिटत होते.

“आत घ्या तिला,” मी म्हटलं.

“चावी नाय.”

“काच फोडा.”

त्याच्या मागेच ती काच होती, दोन थर पट्टी लावलेली, नखानं दाबून दाबून. आत मॅडमचं स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत. टेबलावर फळांची टोपली दिसत होती, खोट्या फळांची.

“वारा पडंल आता. जरा दम धर.”

“तिचा दम संपेल त्याआधी.”

“शालू, बारा सालात एक कप फुटला नाय माझ्या हातनं!”

“तुमच्या हातनं नका फोडू.”

बागेच्या कडेला शोभेचे गोटे मांडलेले होते, पांढरे रंगवलेले. त्यातला मोठा उचलला. वळले तर नवरा काचेला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा. बरोबर एक वाव.

“बाजूला व्हा.”

“नाय.”

“मी मारीन.”

“मार.”

खरं सांगते, मी मारला असता. धोंडा डोक्याच्या वर होता आणि मला त्याचं डोकं आणि काच वेगळी दिसत नव्हती. त्या क्षणाची मला लाज वाटावी असं किती जण म्हणतील! वाटत नाही.

तेव्हा आये बोलली. वाकड्या तोंडानं, पण स्वच्छ.

“मन्या. हल.”

तो हलला. सहा वर्षांच्या पोरासारखा बाजूला झाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

पुढे काय झालं, किती धोंडे लागले, ते शेवटी सांगते. आम्ही आत गेलो. मी मॅडमच्या पलंगावरची पांघरुणं ओढून आयेला गुंडाळलं, तिचे पाय माझ्या पोटाशी धरले. पाऊण तासानं ती थडथड कापायला लागली, तेव्हा मला रडू फुटलं. कापतेय म्हणजे आहे.

मग वाडी यायला लागली. सावडीनं बांधलेली घरंही सगळी नाही टिकली. भिकूची माणसं आली, सोनूबाबाची सून पोर छातीशी धरून आली. माझ्या नवऱ्यानं कुणाला अडवलं नाही. दाराशी उभा राहून एकच सांगत होता, “काच हाय, पाय जपून.” शेवटी सोनूबाबा आला, कपाळातून रक्त गळत. फुटक्या दाराशी थांबला. मी आतून उठून त्याच्यासमोर आले.

“बाबा, दोर आंब्याला बांधलेला दिसला होता ना तुम्हाला?”

तो वाऱ्यात उभा. “दिसला व्हता.”

“झाडाला बांधत नाहीत, होय ना?”

“नाय बांधत. झाड नाचतं, घराला नाचवतं.”

“मग सांगितलं का नाही?”

त्यानं कपाळावरचं रक्त पुसलं. “सावड नव्हती तुमची.”

आमच्याकडे बाईला छपरावर चढवत नाहीत, म्हणून बाईला छपराचं काही शिकवतही नाहीत. त्या म्हाताऱ्याला एक वाक्य बोलायचं होतं. एक. त्याऐवजी तो म्हणाला गाठ बरी मारलीस.

मी दारातून बाजूला झाले. “पाय पुसून या,” म्हटलं. “लादी पांढरी आहे.”

त्यानं खरंच पुसले.

चारच्या सुमाराला वारा उतरला. आम्ही एकोणीस माणसं होतो. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बायकांनी येऊन मॅडमचं घर धुतलं. लादीवर पावलाचा एक ठसा ठेवला नाही, पांघरुणं धुऊन वाळवून होती तशी घातली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं की इथे कुणी आलंच नव्हतं. सोनूबाबा पुरुषांना घेऊन आला आणि न बोलावता सगळ्यात आधी आमचं घर उभं करायला घेतलं. मी त्यांना चहा दिला. माफ केलं नाही.

मॅडम आठव्या दिवशी आल्या. पत्रे मिळत नव्हते, म्हणून तोवर आमच्या घराला छप्पर चढलं नव्हतं. आयेला घेऊन आम्ही त्यांच्याच मोटारीच्या शेडमध्ये राहत होतो. “अगं बाई, किती हाल झाले तुमचे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. मग बंगल्याभोवती फिरल्या. नवरा पुढे होऊन एकेक प्लायवूड काढत होता. पंधरा काचा. एकीला चरा नाही. मागच्या दाराशी थांबल्या.

“ही कशी फुटली रे?”

“वाऱ्यानं, मॅडम.”

“समुद्राकडच्या सगळ्या राहिल्या आणि ही मागची, आडोशाची फुटली?”

मी तिथेच उभी होते, तीन हातांवर. माझ्या तळहातावरची काचेची चीर अजून भरली नव्हती. मी मूठ मिटली.

नवऱ्यानं खाली बघितलं. “पट्टी नीट बसली नव्हती. घाई केली मी. माझं काम कच्चं पडलं.”

“तरी मी तुला फोनवर सांगत होते मनोहर. कामात लक्ष पाहिजे रे.”

“हो मॅडम.”

त्यांनी त्याला काढलं नाही. पुढची सात वर्षं, आले-गेले पाहुणे दिसले की त्या मागचं दार दाखवून सांगायच्या, आमचा मनोहर चांगला आहे हो, पण कामात जरा कच्चा, त्या वादळात त्याची एक पट्टी सुटली आणि काच गेली. तो चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा असायचा. हसायचा. मीही कधी तोंड उघडलं नाही. सोनूबाबाला एक वाक्य बोलायचं होतं, तसं मलाही एकच बोलायचं होतं.

बंगला आता विकला गेलाय. आयेही गेली. हे लिहायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, “कशाला उकरतेस? झालं गेलं.” त्याचं झालं असेल.

काच वाऱ्यानं फुटली नाही. मी फोडली. पहिला धोंडा घातला तर आवाज झाला फक्त. काच तडकली, पण पट्टीनं एक कण सांडू दिला नाही. दुसऱ्यानं ती आत वाकली, पोत्यासारखी, तरी धरूनच. मी धोंडा दोन्ही हातांत घेऊन, सगळं अंग घालून तिसरा मारला, तेव्हा कुठे हात आत गेला.

काम पक्कं होतं. तीन धोंडे लागले.